सत्कार झाला, पुढे काय?

दरवर्षी निकाल लागले की आपल्या वस्त्यांतील बुद्धविहारांत गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात. वंदना होते, तथागतांच्या मूर्तीला आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला पुष्पहार घातला जातो, पाहुणे मार्गदर्शन करतात आणि मुलामुलींच्या हातात गुलाबाचे फूल, पेन आणि एखादे पुस्तक येते. पुढच्या रांगेतली आई पदराने डोळे पुसते. हा सोहळा आम्हाला मनापासून आवडतो. ज्या घरात आजोबांचा अंगठा उठत होता त्या घरातली नात पदवीधर होते, हे काही लहान काम नाही.

पण टाळ्या थांबल्यावर त्या मुलांचे पुढे काय होते? मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका वस्तीत गेल्या वर्षी सहा पदवीधरांचा सत्कार झाला. त्या कार्यक्रमाला आम्ही हजर होतो. यंदा वर्ष भरल्यावर आम्ही त्याच सहा घरी जाऊन आलो. नावे मुद्दामच देत नाही. नाव छापून आले की गल्लीत पुन्हा तोच प्रश्न विचारला जाईल, "काय रे, मग आता काय करतोस?"

सहा घरे, सहा वाटा

पहिली मुलगी बी.कॉम. झालेली. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील नाहीत. मुलगी अंधेरीच्या एका ऑफिसात कंत्राटदारामार्फत बिलांच्या नोंदी करते. हातात तेरा हजार पडतात. सकाळी साडेसातला घर सोडते, रात्री नऊला परत येते. बँकेच्या परीक्षेचे पुस्तक तिच्या पिशवीत असते. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर ते उघडते, नाही मिळाली तर पिशवीतच राहते. शेजारी म्हणतात, पोरगी कामाला लागली, सुटली. ती आम्हाला म्हणाली, "सुटले कुठे? अडकले."

दुसरा मुलगा बी.ए. वडील रात्रपाळीचे वॉचमन. मुलगा सकाळी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि संध्याकाळपासून मोटारसायकलवरून लोकांच्या घरी जेवणाची पार्सले पोचवतो. मोटारसायकल हप्त्यावर घेतलेली, त्यामुळे एक दिवस सुट्टी घेतली तरी हप्ता डोळ्यांपुढे येतो. रविवारच्या वंदनेला तो पूर्वी सर्वांत आधी येऊन सतरंज्या अंथरायचा. गेले सहा महिने आला नाही. का येत नाही असे विचारले तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "सगळे विचारतात. सत्कार केलेला ना!"

तिसरी मुलगी बी.एस्सी. होऊन एम.एस्सी.ला गेली. चांगले चालले आहे. तिचा मोठा भाऊ महानगरपालिकेत कायम नोकरीला आहे. तो म्हणाला, "घर मी बघतो, तू शीक."

चौथी मुलगी बी.ए. तिला बी.एड. करून शिक्षिका व्हायचे होते. पण निकाल लागल्याच्या महिन्यापासून घरात स्थळांची ये-जा सुरू झाली. त्या गडबडीत प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायची तारीख निघून गेली. बायोडाटावर 'ग्रॅज्युएट' लिहिले आहे. आई मायेनेच म्हणते, "शिकवली म्हणून तर चांगली स्थळं येतात." मुलगी काहीच बोलली नाही. आम्हाला पाणी देऊन आत गेली.

पाचवा मुलगा इंजिनियर. त्याची शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर जमा झाली नाही, म्हणून कॉलेजने मूळ कागदपत्रे अडकवून ठेवली. नोकरीचे बोलावणे आले होते, पण मूळ गुणपत्रिका दाखवता आली नाही आणि ती जागा गेली. तो आता एका दुकानात मोबाइल दुरुस्त करतो.

सहाव्याचे नाव सरकारी नोकरीच्या निवड यादीत आले. घरात पेढे वाटले. मग जात पडताळणीचे कागद मागितले, तेव्हा आजोबांचा शाळेचा दाखला शोधायला सुरुवात झाली. वडील दोनदा गावी जाऊन आले. शाळेचे जुने रजिस्टर अजून मिळालेले नाही.

थांबायची ऐपत

घरी परतताना आम्ही एकच हिशेब करीत होतो. या सहांपैकी पुढचे शिक्षण घेणारी एकच. तिचे गुण सर्वांत जास्त होते का? नाही. बी.कॉम.वाल्या मुलीचे गुण तिच्यापेक्षा अधिक आहेत. फरक एवढाच की एका घरात कायम पगार होता आणि ते घर दोन वर्षे थांबू शकत होते. दुसऱ्या घराला पुढच्या महिन्याच्या भाड्यासाठीही थांबता येत नव्हते. पदवीनंतरच्या पहिल्या वर्षात मुलगा कुठे पोचतो, हे त्याच्या हुशारीइतकेच घराच्या थांबण्याच्या ऐपतीवर ठरते. आपण मात्र सारा दोष मुलाच्या माथी मारून मोकळे होतो.

आमची पिढी हे चटकन विसरते. आमच्या वेळी रेल्वे, पोस्ट, बँक, महानगरपालिका यांच्या जागा निघत. पदवी आणि जातीचा दाखला घेऊन गेलेल्याला कुठे ना कुठे दार उघडे सापडे. आज त्याच कचेऱ्यांत पुष्कळशी कामे कंत्राटदाराची माणसे करतात, आणि कंत्राटदाराच्या हजेरीपटाला आरक्षणाची बिंदुनामावली नसते. २०२३ साली राज्य सरकारने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरती करण्याचा निर्णय काढला होता. राज्यभर ओरड झाल्यावर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. तो कागद रद्द झाला, पण कंत्राटाची रीत गेली नाही.

अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२३ साली देशातील कामगारांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. २०२१-२२ च्या आकड्यांनुसार देशातील पंचवीस वर्षांखालच्या पदवीधरांत बेकारीचे प्रमाण ४२.३ टक्के होते. हा आकडा सर्व समाजांचा आहे. म्हणजे शेजारच्या काकूंचा मुलगा वर्षभर घरी असेल तर तो एकटा नाही. त्याच अहवालात असेही दिसते की वय वाढते तशी पदवीधरांची बेकारी झपाट्याने कमी होते. काम पुढे मिळते. पण कोणते मिळते, पदवीला साजेसे की मिळेल ते, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचा निकाल बहुतेक वेळा या पहिल्या एक-दोन वर्षांतच लागतो.

बाबासाहेबांचे ते वर्ष

बाबासाहेब एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ च्या परीक्षेत बी.ए. झाले. पुढच्या काही महिन्यांत काय घडले, हे प्रत्येक घरी सांगण्यासारखे आहे. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. लगेच वडिलांच्या आजारपणामुळे मुंबईला यावे लागले आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. हाती पदवी, पाठीशी दुःख आणि समोर संसार, अशी त्या एकवीस वर्षांच्या तरुणाची स्थिती होती. तेथेच ते थांबले असते तर? पण सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले.

त्याआधी कॉलेजच्या शिक्षणातही केळुस्कर गुरुजींनी शब्द टाकला म्हणून महाराजांकडून दरमहा २५ रुपये मिळू लागले होते. आणि परदेशातल्या त्या वर्षांत घरची ओढाताण रमाईने सोसली. बुद्धी आणि कष्ट बाबासाहेबांचे, यात शंका नाही. तरीही त्या बुद्धीला वेळ मिळावा म्हणून कोणी शब्द टाकला, कोणी पैसा दिला, कोणी घर ओढले. एवढ्या थोर माणसाला जे लागले, ते आपल्या मुलांना लागणार नाही काय?

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल आपली खंत बोलून दाखवली. सत्काराच्या भाषणांत आपण ती खंत नव्या पदवीधरांना ऐकवतो. आम्हाला वाटते, ती प्रथम त्यांना ऐकवावी जे नोकरीत स्थिरावले, ज्यांनी फ्लॅट घेतला आणि जे वस्तीकडे फिरकत नाहीत.

घराघरात करता येण्याजोगे

पहिली गोष्ट कागदांची. मुलगा किंवा मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला गेली की घरातले कागद बाहेर काढा. आपल्यापैकी अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहिलेले आहे आणि ते अभिमानाने लिहिलेले आहे. केंद्राच्या सवलती धर्मांतरित बौद्धांना १९९० च्या कायद्याने मिळाल्या. पण सवलतीसाठी पूर्वाश्रमीच्या जातीचा पुरावा लागतो आणि पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा यांचे शाळेचे दाखले, गावच्या जुन्या नोंदी आताच मिळवून ठेवा. वडिलांकडच्या सख्ख्या नात्यात कोणाचे वैधता प्रमाणपत्र झाले असेल तर त्याची प्रत मागून घ्या. भाऊबंदकीचा राग कागदावर काढू नका. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी जातीचा दाखला वेगळ्या नमुन्यात लागतो, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट मुदतीची. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत अनुसूचित जातीच्या उमेदवाराला ३७ वर्षांपर्यंत बसता येते आणि प्रयत्नांची संख्या ठरलेली नाही. ही सवलत हक्काची आहे. पण आयोगाने मुदत दिली म्हणून घराला ती परवडते असे नाही. म्हणून आईवडील आणि मूल यांनी एकत्र बसून ठरवावे. किती महिने पूर्ण अभ्यास, त्यानंतर कोणते काम, काम करताना अभ्यासाला कोणते तास. ठरलेल्या मुदतीत रोज टोचून बोलू नये. आणि मुदत संपल्यावर मुलानेही वाट बदलायला लाजू नये. पुण्याच्या बार्टी संस्थेमार्फत स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण मिळते. परदेशी शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. त्यांच्या जाहिरातींवर शेवटच्या वर्षापासूनच नजर हवी.

तिसरी गोष्ट मुलींची. मुलाला जितके महिने देता तितकेच मुलीला द्या. तिची पदवी लग्नाच्या बायोडाटासाठी मिळवलेली नाही. स्थळे वर्षभर थांबतात, अर्जाची तारीख थांबत नाही.

चौथी गोष्ट विहाराची. दीक्षेनंतर नागपूरला बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला देण्यास सांगितले होते. त्यातला थोडा भाग अभ्यासिकेच्या दिव्यांसाठी, अर्जांच्या शुल्कासाठी, गावी कागद आणायला जाणाऱ्या वडिलांच्या गाडीभाड्यासाठी गेला तर ते धम्मकार्यच आहे. वस्तीत कोणी बँकेत, कोणी मंत्रालयात, कोणी शाळेत असतो. त्यांनी महिन्यातून एक रविवार या मुलांबरोबर बसावे. कोणी अर्ज तपासावा, कोणी कॉलेजच्या प्राचार्यांकडे सोबत जावे. एकट्या मुलाला खिडकीवरून परत पाठवतात. बरोबर चार जाणती माणसे असली की खुर्ची देतात.

गेल्या वर्षीच्या सहांनाही बोलवा

त्या वस्तीत यंदाच्या सत्काराची तयारी सुरू आहे. नव्या मुलांची यादी झाली, पुस्तके आली. आम्ही मंडळाच्या मंडळींना एकच विनंती केली. गेल्या वर्षीच्या सहाही जणांना बोलवा, पुढच्या रांगेत बसवा आणि त्यांनी वर्षभर काय सोसले ते त्यांना बोलू द्या. बिलांच्या नोंदी करून घर चालवणारी मुलगी आणि रात्री अकरापर्यंत पार्सले पोचवून सकाळी सातला अभ्यासिका गाठणारा मुलगा, हेही आपले गुणवंतच आहेत. नव्या मुलांना पाहुण्यांच्या भाषणापेक्षा त्यांच्या बोलण्याचा अधिक उपयोग होईल. मंडळींनी हे मान्य केले.

त्या संध्याकाळी निघताना पार्सले पोचवणारा मुलगा गल्लीच्या तोंडाशी भेटला. हेल्मेट हातात होते. समोरून विहारातले एक काका आले. आम्हाला वाटले, आता तोच प्रश्न येणार. काका म्हणाले, "जयभीम बाळा. आमचे घर दुपारी रिकामे असते, पंखाही आहे. अभ्यासाला येत जा."

मुलगा "जयभीम काका" म्हणाला. पुढच्या रविवारी तो वंदनेला आला होता, असे आम्हाला नंतर कळले. येऊन त्याने सतरंज्या अंथरल्या.