स्वस्त प्रोजेक्टरची पारख, जुहूच्या हवेत

किनाऱ्यालगतच्या जुहूत घरी चित्रपट पाहण्यासाठी स्वस्त, हलका प्रोजेक्टर निवडताना वेष्टनावरच्या ‘फोर-के’पेक्षा नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे यंत्राच्या पटलावरील प्रत्यक्ष चित्रबिंदू, पाहणे आवश्यक ठरते, कारण १२८० × ७२० चे पटल सुमारे ९ लाख बिंदूच दाखवते, मग आत येणारे चित्र ८३ लाखांचे का असेना. उजेडाचा आकडा अन्सी ल्युमेनमध्ये, म्हणजे पडद्यावर नऊ ठिकाणी मोजलेल्या प्रकाशावरून काढलेला असावा. नुसत्या ‘ल्युमेन’चे हजार बहुधा जाहिरातीपुरतेच असतात. थ्रो रेशो, अर्थात अंतर भागिले चित्राची रुंदी, १.२ असल्यास २ मीटर रुंद चित्राला २.४ मीटर अंतर लागते, जे मुंबईच्या लहान खोलीत मिळेलच असे नाही. भिंग-पटलाचा भाग बंदिस्त नसल्यास धूळ शिरून चित्रावर डाग उमटतात, म्हणून इथल्या खाऱ्या, दमट हवेत तसे यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.