कायद्याच्या दालनातील चित्रकार

पारोळ्याच्या भुईकोटाकडून बाजारपेठेत उतरताना, परवा एका सरकारी कचेरीच्या आवाराच्या भिंतीपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. एक पेंटर शिडीवर चढून काम करीत होता. गेरूच्या पाण्यात बुडवलेली सुतळी त्याने व त्याच्या हाताखालच्या पोराने दोहों टोकांनी ताणून धरली, मध्यावर चिमटीत धरून ओढली आणि सोडून दिली. त्यासरशी चुन्याच्या पांढऱ्या पाठीवर एक तांबडी रेघ उमटली, इतकी नीट की फूटपट्टीने मारलेलीही तितकी नीट येती ना. त्या रेघेवर पुढे घोड्यावरील राणी लक्ष्मीबाई उभी राहावयाची होती; तांबे घराण्याच्या नात्याने पारोळेकर तिला आपली माहेरवाशीण मानतात, तेव्हा तिला या भिंतीवर हक्काची जागा आहे. चित्र पुरे झाल्यावर नाव कोठे घालणार, असे मी विचारले. तो म्हणाला, "भाऊ, भीत सरकारी शे, नाव कसाले लिखानं?"

या उत्तराने मला रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांची आठवण झाली. धुरंधरांच्या नावाचा दुष्काळ कधीच नव्हता. परंतु त्यांच्या हातचे सर्वांत मोठे सरकारी काम ज्या भिंतीवर आहे, ती भिंत त्यांच्या चाहत्यांपैकी शेकडा एकानेही पाहिली नसेल.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरास, एका पाठारे प्रभू कुटुंबात झाला. १८९० साली ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले आणि १८९६ पासून तेथेच शिक्षक म्हणून राहिले ते थेट १९३१ पर्यंत. ही एकेचाळीस वर्षे त्यांनी पुढे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या नावाने १९४० साली ग्रंथबद्ध केली. सेवेच्या अखेरीस त्यांना काही काळ शाळेचे हंगामी संचालकपद मिळाले, आणि हा मान एका हिंदी माणसास तेव्हा प्रथमच मिळत होता. ज्या संस्थेत उभी हयात शिकवले, तिचा कारभार निवृत्तीच्या उंबरठ्यावर आणि तोही हंगामी म्हणून हाती यावा, यात सरकारी खात्यांच्या चालीरीती जाणणाऱ्यास नवल वाटणार नाही.

शाळेत त्यांना गुरू लाभले ते जॉन ग्रिफिथ्स. येथे आम्हां खानदेशकरांचा धागा लागतो, कारण ग्रिफिथ्स यांच्या आयुष्याचा उत्तम भाग आमच्या सीमेवरील अजिंठ्यात गेला होता. १८७२ पासून १८८५ पर्यंत, अधूनमधून खंड पडत, ते आपल्या विद्यार्थ्यांसह लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. त्यांच्याआधी मेजर रॉबर्ट गिल याने हेच काम वर्षानुवर्षे केले, आणि त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागलेल्या आगीत खाक झाल्या. गिल १८७९ साली वारला, त्याची कबर भुसावळला आहे. ग्रिफिथ्स यांच्या नकलांपैकीही पुष्कळशा १८८५ च्या लंडनमधील दुसऱ्या आगीने नेल्या. मूळ चित्रे मात्र भाताचा तूस, शेण व माती यांच्या गिलाव्यावर, चुन्याच्या पातळ थरावर, गेरू, पिवडी, काजळी अशा रंगांनी काढलेली असून, वटवाघळे, पाऊस आणि माणसांचे हात सोसून अद्याप जागेवर आहेत. विलायतेत सुरक्षित म्हणून नेलेले जळाले आणि डोंगरात बेवारस पडलेले टिकले, हा दैवाचा खेळ मला प्रत्येक वेळी चक्रावून सोडतो.

बोरीबंदरच्या स्थानकाचे नक्षीकामही याच शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातून उतरलेले आहे. म्हणजे सार्वजनिक इमारतीस अलंकार चढविण्याची परंपरा शाळेत होतीच. १९१९ साली ग्लॅडस्टन सॉलोमन शाळेचे प्रमुख म्हणून मुंबईस आले, त्यांनी गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या पाठबळाने भित्तिचित्रांचा स्वतंत्र वर्ग काढला, आणि मुंबईच्या गव्हर्नमेंट हाउसच्या भिंती विद्यार्थ्यांकडून रंगवून घेतल्या. इतक्यात दिल्लीस हर्बर्ट बेकर यांची सचिवालयाची जोड इमारत उभी राहत होती. तिच्या भिंती कोणी रंगवाव्यात, यावरून मुंबई व बंगाल यांच्यात झालेला वाद हा केवळ चित्रशैलीचा होता असे मला वाटत नाही. सरकारी मंजुरी, बिदागी आणि प्रतिष्ठा यांचाही त्यात वाटा होता. काम अखेर वाटले गेले. सॉलोमन यांच्या विद्यार्थ्यांकडे एक समिती-कक्ष आला, पुण्यात जन्मलेल्या फैजी रहमीन यांच्याकडे घुमट आले, आणि धुरंधरांकडे आले कायदेमंत्र्याचे, तेव्हाच्या भाषेत लॉ मेंबरचे, दालन.

त्या दालनाच्या भिंतीवरील पट्ट्यांत धुरंधरांनी हिंदू व मुसलमानी न्यायदानाचे प्रसंग काढले. विषय रूक्ष खरा, पण या कामास त्यांच्याहून योग्य माणूस मुंबईत दुसरा नव्हता. जातीजातींची पागोटी, लुगड्याचा काष्टा, पायीची वहाण, हातातली काठी, हे सर्व त्यांनी रस्त्यावर उभे राहून टिपले होते. त्यांची पोस्टकार्डे आणि ओटो रोथफेल्ड यांच्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकातील चित्रे पाहिली म्हणजे ही बाई कोणत्या मुलुखाची, हे मजकूर न वाचता कळते. फिर्यादी, साक्षीदार, कारकून, पट्टेवाला यांनी भरलेली कचेरी अशा चित्रकारासच साधते. अजिंठ्याच्या ग्रिफिथ्सचा शिष्य असूनही त्यांनी अजिंठ्याची रेषा उसनी घेतली नाही, विलायती पद्धतीचेच वास्तव चित्रण केले. 'भारतीय शैली'च्या पुरस्कर्त्यांनी त्यांना त्यासाठी नावे ठेवली, आणि माझ्या मते हा अन्याय होता. ज्याचा हात ज्या रेषेत खरा, त्याने ती रेषा सोडून भिंतीपुरते सोंग का घ्यावे?

तुलनेस युरोपातले एक उदाहरण घेतो. १८९५ साली धुरंधरांना बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी क्रोएशियाच्या झाग्रेब शहरात नवे राष्ट्रीय नाट्यगृह उघडले. उद्घाटनास ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ जातीने आला होता, परंतु रंगमंचाच्या पडद्यावर व्लाहो बुकोवाच या चित्रकाराने रंगविले होते ते क्रोएशियन लोकांचे राष्ट्रीय पुनरुत्थान: सिंहासनावर बसलेला त्यांचा जुना कवी गुंडुलिच आणि त्याच्यापुढे येणारे नव्या जागृतीचे पुढारी. राज्य परक्याचे, पडदा मात्र आपला, आणि नाटकाचे तिकीट काढणाऱ्या कोणासही तो दिसे. धुरंधरांच्या वाट्यास हे भाग्य आले नाही. त्यांचे शिवचरित्रावरील चित्रण घराघरांत आणि औंधच्या संग्रहालयात लोकांपुढे राहिले; पण राजधानीतील भिंत मिळाली ती सम्राटाच्या कायद्याची, आणि तिच्यासमोर पहारा.

१९३१ च्या फेब्रुवारीत नव्या राजधानीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी धुरंधर निवृत्त झाले, आणि १ जून १९४४ रोजी वारले. स्वातंत्र्य आले तेव्हा ते नव्हते. त्यांच्या कन्या अंबिकाबाई, स्वतः चित्रकार, त्यांनी मात्र पुढे दीर्घकाळ वडिलांचा संग्रह जपला. दालनातील लॉ मेंबर गेले, मंत्री आले, सचिव आले, फायलींचे ढीग आले; सर्वसामान्य माणसाला आत जाण्यास परवाना लागे, आणि चित्र पाहणे हे परवान्याच्या अर्जात लिहिण्याजोगे कारण नव्हते.

आता सचिवालयाच्या दोन्ही इमारतींत राष्ट्रीय संग्रहालय उभारण्याची योजना सरकारने जाहीर केली आहे. ती पुरी होईल त्या दिवशी खानदेशातील चित्रकलेच्या शिक्षकांनी आपली मुले घेऊन जावे, आणि कायद्याच्या दालनात मान वर करून पाहावे, एवढी विनंती. अजिंठा एकदा दाखविला असेल तर फारच उत्तम. जळगाव व भुसावळ येथून दिल्लीस थेट गाड्या आहेत.