शस्त्र आणि परवाना (लेखांक ४) : हवालदार दारात येतो तेव्हा

जुलै २०२४ मधली सेक्टर ३५ची घटना खारघरमध्ये अजून कुणी विसरलेले नाही. रविवारी रात्री हेल्मेट घातलेले तिघे सराफाच्या दुकानात शिरले, पिस्तूल रोखले, गोळ्या झाडल्या आणि दागिने घेऊन पसार झाले. असे काही घडले की व्यापाऱ्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो : आपणही परवाना काढून ठेवावा का? त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो : परवाना मागणाऱ्या माणसाची पारख कोण करते, आणि कशी?

दरोडेखोर परवाना काढत बसत नाहीत. गावठी कट्टे आणि चोरटी पिस्तुले कुठून येतात, त्यावर पुढे स्वतंत्र लेखांक येईल. आज विषय आहे तो सरकारी शिक्क्याने घरात येणाऱ्या शस्त्राचा.

खारघर रायगड जिल्ह्यात आहे. पण इथला अर्ज अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे जात नाही. तो सीबीडी बेलापूरला, नवी मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात जातो, कारण आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना देण्याचे अधिकार आयुक्तांना असतात. अर्ज आला की शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवावाच लागतो. अर्जाचा कागद खारघर ठाण्यात येतो, गोपनीय शाखेच्या हवालदाराच्या हाती पडतो आणि तो पत्ता शोधत सोसायटीत येतो.

पासपोर्टची पडताळणी बहुतेकांनी पाहिली आहे. इथे प्रश्न जास्त टोकदार असायला हवेत. अर्जदारावर गुन्हे आहेत का, कधी चॅप्टर केस झाली होती का, तडीपारी झाली होती का, हे दप्तरात आणि संगणकावर दिसते. पण घरात भांडणे होतात का, दारू किती, पार्किंगच्या वादात हा माणूस अंगावर धावून जातो का, हे कुठल्याच दप्तरात नसते. ते समोरच्या फ्लॅटला ठाऊक असते, वॉचमनला ठाऊक असते. कागदावर मात्र बहुधा एकच ओळ उतरते : 'वर्तणूक चांगली आहे, हरकत नाही.' शेजारी तसे सांगतात, कारण रोज त्याच लिफ्टने जायचे असते. ही एक ओळ पुढे किती वर्षे आणि किती जिवांवर चालते, याची कल्पना सांगणाऱ्याला नसते.

शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याचा वैद्यकीय दाखला २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जासोबत जोडायला लावला. शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचीही सोय त्याच नियमांत आहे. पोलीस अहवालाला मुदत आहे ३० दिवसांची. इथे कायद्यात एक बारीक फट आहे. ठाण्याने मुदतीत अहवाल पाठवला नाही, तर परवाना देणारा अधिकारी योग्य वाटल्यास अहवालाविना निर्णय घेऊ शकतो. हेतू चांगला होता : ठाण्याने कागद दाबून ठेवला म्हणून प्रामाणिक अर्जदार ताटकळू नये. पण उत्तर आले नाही म्हणजे हरकत नाही, असा अर्थ कुणी लावू नये. अमेरिकेने त्याची किंमत मोजली आहे. तिथे ब्रॅडी कायदा १९९३ साली झाला आणि १९९८ पासून दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे गिऱ्हाइकाची तत्काळ विचारणा करू लागले. कामकाजाच्या ३ दिवसांत उत्तर आले नाही तर दुकानदाराला शस्त्र विकायची मुभा राहिली. १७ जून २०१५ ला चार्ल्सटनच्या चर्चमध्ये ९ जणांना मारणाऱ्या तरुणाच्या हाती पिस्तूल याच वाटेने आले.

त्याआधी, एप्रिल २००७ मध्ये, व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. त्यांत मुंबईची एक विद्यार्थिनीही होती. मारेकऱ्याला न्यायालयाने मानसोपचार घ्यायला लावले होते, पण तो आदेश शस्त्रविक्रीच्या नोंदींपर्यंत पोहोचलाच नव्हता. त्याची चौकशी रीतसर झाली आणि तो त्यात पास झाला. एका दप्तरातली नोंद दुसऱ्या दप्तराला माहीत नसणे हा दोष आपल्याला नवा नाही.

आता कुणाला नाकारायचे, ते पाहू. कलम ९ ची बंदी ठाम आहे : वय २१ पेक्षा कमी असेल तर नाही, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर ती संपल्यावर ५ वर्षे नाही, शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतला असेल तर त्या मुदतीत नाही. लक्षात घ्या, यात 'शिक्षा' हा शब्द आहे. नुसता गुन्हा दाखल असलेल्याला हे कलम अडवत नाही. त्याच्यासाठी कलम १४ आहे : माणूस कोणत्याही कारणाने अयोग्य वाटला किंवा सार्वजनिक सुरक्षेला धोका वाटला, तर कारण लिहून परवाना नाकारता येतो. दिलेला परवाना कलम १७ खाली निलंबित किंवा रद्द करता येतो. मात्र केवळ गुन्हा प्रलंबित आहे एवढ्यावरून परवाना रद्द करू नये, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटले आहे. म्हणूनच ठाण्याचा अहवाल तपशीलवार हवा. 'गुन्हा दाखल आहे' एवढे पुरत नाही. त्या माणसाच्या हाती शस्त्र का नको, हे लिहावे लागते.

आणि इतके सगळे नीट झाले तरी ही पारख एका दिवसाची असते. माणूस बदलतो, शस्त्राची जागा बदलते. ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरमध्ये मॉरिस नोरोन्हाने माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या आणि नंतर स्वतःला संपवले. पिस्तूल त्याचे नव्हतेच. ते त्याच्या अंगरक्षकाचे होते, परवाना उत्तर प्रदेशातला, आणि मुंबई पोलिसांकडे त्याची नोंद नव्हती. नोरोन्हावर आधी गुन्हे होते, तो तुरुंगात जाऊन आला होता. त्याने स्वतः अर्ज केला असता तर अडला असता, अशी आशा करता येते. पण त्याला अर्ज करावाच लागला नाही. चौकशी एकाची झाली आणि चाप दुसऱ्याने ओढला. परवाना हा माणसाचा असतो, कपाटाचा नव्हे. शस्त्र दुसऱ्याच्या हाती पडू देणे हा गुन्हा आहे, आणि इमारतींवर, शोरूमवर खाजगी बंदूकधारी रक्षक ठेवणाऱ्या प्रत्येकाने त्याचा परवाना कुठला आणि नोंद कुठली हे विचारायलाच हवे. खारघरमध्येही.

बीडचे उदाहरण याहून मोठे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. ती बंदुकीने झालेली नव्हती, पण त्यानंतर जिल्ह्यातल्या दहशतीकडे सगळ्यांचे लक्ष गेले आणि एकट्या बीडमध्ये बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे समोर आले. हवेत गोळीबार करणाऱ्यांची चित्रफीत लोकांनी मोबाइलवर पाहिली. परवानाधारकांत गुन्हे दाखल असलेलेही होते. मग पोलिसांनी प्रस्ताव पाठवले आणि जिल्हाधिकाऱ्यांनी शंभराहून अधिक परवाने रद्द केले. हे काम एका माणसाच्या हत्येनंतर व्हावे लागले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कारण फेरतपासणी कशी करायची हे प्रशासनाला चांगले माहीत आहे. कोकणात गाव असलेल्या खारघरकरांना विचारा. निवडणूक लागली की गावची ठासणीची बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात, मग शेतात माकडे येवोत की रानडुकरे. अशी सरसकट सक्ती नको, प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करा, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली गोव्यातल्या एका प्रकरणात सांगितले. तेव्हापासून छाननी समिती बसते आणि जामिनावर कोण, पूर्वी गुन्हे कुणावर, दंग्यात कोण होते, ही यादी काढते. निवडणुकीच्या तोंडावर निघणारी हीच यादी दरवर्षी का निघू नये? प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय नोंदवहीत स्वतंत्र क्रमांक आहे. गुन्ह्यांची नोंद संगणकावर आहे. परवानाधारकावर गुन्हा दाखल झाला, अगदी घरगुती मारहाणीचाही, की त्याच दिवशी परवाना शाखेला कळले पाहिजे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही; कलम १७ पुरेसे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने माणशी ३ ऐवजी २ शस्त्रे केली, शिक्षा वाढवल्या, आनंदाच्या भरात झाडलेल्या गोळीलाही २ वर्षांपर्यंत कैद ठेवली. परवान्याची मुदत मात्र त्याच दुरुस्तीने ३ वरून ५ वर्षांवर नेली, म्हणजे फेरतपासणीचा दिवस आणखी दूर गेला. मला हे पाऊल चुकीचे वाटते.

हे बदल सरकारने करायचे. तोवर एक गोष्ट आपल्या हाती आहे. गोपनीय शाखेचा हवालदार तुमच्या दारात येऊन शेजाऱ्याबद्दल विचारील, तेव्हा त्याला आत बोलवा, दार लावा आणि जे पाहिले आहे ते सांगा. चांगले असेल तर चांगले सांगा. रात्री भिंतीपलीकडून रडण्याचे आवाज येत असतील, तर तेही सांगा.