भग्न सैनिकी बंदूक : डागडुजीपूर्वीचा प्रश्न

जुन्या सैनिकी बंदुकीस पूर्वरूप द्यावे की नाही, हे ठरविण्यापूर्वी तिचे पूर्वरूप कोणते होते हे निश्चित करावे लागते. आणि येथेच चूक होण्याचा संभव अधिक.

१८५३ च्या नमुन्याची एनफील्ड बंदूक घ्यावी. तिच्या ०.५७७ इंच व्यासाच्या नळीत तीन पेचदार खाचा असून, अंतराचे आकडे असलेली उचलती नेमपट्टी तिला असे. १८५७ च्या उठावानंतर मात्र हिंदी पायदळाच्या हाती असे अचूक शस्त्र देणे इंग्रजांस धोक्याचे वाटले. म्हणून त्यांच्याकरिता सुमारे ०.६५ इंच व्यासाच्या, गुळगुळीत नळीच्या व साध्या स्थिर नेमपट्टीच्या बंदुका करण्यात आल्या. अशी बंदूक हाती आली, की खाचा झिजल्या व मूळ पट्टी हरवली असा समज सहज होतो, आणि हौशी कारागीर उचलती पट्टी बसवून उणीव भरून काढतो. वस्तुतः ती उणीव हाच त्या बंदुकीतील सर्वांत बोलका पुरावा होय.

नळी भरलेली नाही याची खात्री प्रथम तज्ज्ञाकडून करून घ्यावी. जुनी दारूही पेट घेते. मग व्यास मोजावा. पसरणारा तांबडा गंज तेलाने थोपविणे इष्ट. परंतु तेजाबाने वा घासकागदाने नळी चकचकीत केल्यास तीवरील मुद्रा व खुणा नाहीशा होतात. दस्त्याचा तडा सरसाने सांधावा, कारण असा सांधा पुढे उकलता येतो. नवा भाग बसविणे अपरिहार्यच झाले, तर त्याच्या आतील बाजूस वर्ष कोरून ठेवावे.