मंडळीची खरी जमा कोणती?

कुपवाडजवळ सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी म्हणून वस्ती आहे. हें नांव रोज हजारोंच्या तोंडीं येतें. पण तें कां पडलें हें सांगणारे थोडेच. डॉ. विल्यम वानलेस हे कॅनडांत जन्मलेले प्रेस्बिटेरियन मिशनरी. त्यांनीं १८९४ सालीं मिरजेस रुग्णकार्याचा पाया घातला, १८९७ सालीं वैद्यकीय शाळा काढली, आणि पुढें कुष्ठरोगी व क्षयरोगी ह्यांची स्वतंत्र सोय होण्यास हातभार लावला. क्षयाचें नांव निघतांच सोयरेधायरे दूर सरत, अशा त्या काळांत ह्या रोग्यांस जवळ करणाऱ्याचें नांव वाडीस चिकटलें, ह्यांत नवल नाहीं.

ख्रिस्ती मंडळीकडून देवाची अपेक्षा काय, हा प्रश्न ख्रिस्ती लोकांनींच सोडवावा, इतरांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें मान्य नाहीं. जिच्या दारांत सर्व जातिधर्मांचे रोगी गेले, त्या संस्थेचें तोंड कोणत्या दिशेस आहे हें पाहण्याचा हक्क साऱ्या गांवास आहे.

व्यापारी वाचकांस वहीची भाषा कळते. सभासद किती, मंदिर किती उंच, नाताळास रोषणाई किती, हे आकडे जमेच्या बाजूस मांडण्याचा मोह मंडळीस होतो. परंतु येशूनें अखेरच्या न्यायाचें जें चित्र रंगविलें, त्यांत ह्यांपैकीं एकही रक्कम धरलेली नाहीं. तेथें विचारणा होते ती भुकेल्याची, तान्हेल्याची, परक्याची, उघड्याची, आजाऱ्याची आणि बंदिवानाची. अन्याय चालूं ठेवून केलेले सण व यज्ञ देवास नकोसे होतात, असें आमोस संदेष्ट्यानें त्यापूर्वींच बजावलें होतें.

मग प्रार्थनेस गौण लेखावें काय? मुळींच नाहीं. यरुशलेमेंतील आद्य मंडळींत ग्रीकभाषिक विधवांस रोजच्या अन्नवाटपांत डावललें जातें अशी कुरकुर उठली. प्रेषितांनीं ती झिडकारली नाहीं, कीं उपासनाही सोडली नाहीं. त्यांनीं ह्या कामावर सात विश्वासू माणसें नेमविलीं. भाकरीचा न्याय हा धर्माचाच भाग आहे, हा त्यांतील बोध.

ह्या कसोटीस लावतां आमच्या प्रांतीं मोठी उणीव दिसते ती जातिभेदाची. जातीच्या जाचांतून सुटण्यासाठीं कित्येकांनीं बाप्तिस्मा घेतला. तरी सोयरीक जुळवितांना पूर्वीची जात विचारण्याची खोड पुष्कळ ख्रिस्ती घरांतून गेलेली नाहीं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें ख्रिस्ती झालेल्या दलितांस अनुसूचित जातींतून वगळलें, ह्याविरुद्ध मंडळीनें अवश्य दाद मागावी. परंतु सरकारदारीं समता मागणाऱ्यानें ती आपल्या उंबऱ्याच्या आंत आधीं पाळावी. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनीं १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही जागा दिली. १९१९ सालीं ते निवर्तले. संस्थेपेक्षां बंधुभाव थोर, ही त्यांची शिकवण मात्र अजून अमलांत यावयाचीच आहे.

१९९८ सालीं सांगली, मिरज व कुपवाड ह्यांची मिळून एक महानगरपालिका झाली. कुपवाडच्या कारखान्यांत पोटासाठीं बाहेरगांवचे मजूर येतात. असा मजूर तापानें फणफणला, घरचें माणूस जवळ नाहीं, गांठीस पैसा नाहीं, तर त्याच्या उशाशीं कोण बसतें? मंडळीच्या धर्माची परीक्षा तेथें आहे.

आमची सूचना साधी आहे. सभासद नसलेल्या गरजूंसाठीं वर्षांत काय खर्च झालें, ह्याचें एक स्वतंत्र खातें मंडळीनें ठेवावें, आणि तें भर उपासनेंत वाचून दाखवावें. आमच्या देवळांनीं व मशिदींनींही हाच कित्ता गिरवावा. तें पान कोरें निघालें, तर बाकीची वही कितीही भरलेली असो, देवाच्या दुकानीं ती तोट्याचीच ठरेल.