अंबरनाथच्या आत उत्तर

बदलापूरहून सकाळी मुंबईला निघणाऱ्या लोकलमध्ये आमचा एक खेळ चालतो. गटातल्या एकाने आदल्या रात्री मोबाइलवर शास्त्रीय गाण्याचा सात-आठ सेकंदांचा तुकडा टाकायचा. ना गायकाचं नाव, ना बंदिशीचे शब्द. सोबत फक्त ‘राग ओळखा’. तुकडा गाडीत बसल्यावरच ऐकायचा आणि गाडी अंबरनाथला लागायच्या आत उत्तर लिहायचं. उल्हासनगरला चढणाऱ्यांना कल्याणपर्यंत मुभा. ज्याचं उत्तर चुकेल त्याने रात्री ते पूर्ण ध्वनिमुद्रण ऐकायचं, हा शेवटचा नियम. खेळाचा जीव त्या नियमात आहे.

हा साचा आमचा नाही. 2021 च्या अखेरीस ‘वर्डल’ या शब्दकोड्याने जगाला वेड लावलं आणि पाठोपाठ 2022 मध्ये ‘हर्डल’ आलं. त्यात रोज एक गाणं असे. आधी त्याचा एकच सेकंद ऐकू येई. चुकलात की दोन, मग चार, सात, अकरा आणि शेवटी सोळा सेकंद. एकूण सहा संधी. त्याच वर्षी जुलैत स्पॉटिफायने हा खेळ विकत घेतला आणि मे 2023 मध्ये बंदही केला. कल्पना मात्र राहिली. कुणी ती सिनेसंगीताला लावली, कुणी पाश्चात्त्य अभिजात संगीताला. आम्ही ती ख्यालाला लावून पाहिली आणि पहिल्याच आठवड्यात अडलो.

सिनेमाच्या गाण्याची सुरुवात ठरलेली असते. तीच बासरी, तोच ठेका. एका सेकंदात कान टवकारतात. ख्यालाच्या पहिल्या सेकंदात काय असतं? तानपुरा. तोही काही कमी बोलत नाही म्हणा. पहिली तार पंचमात असेल तर काहीच ठरत नाही, कारण निम्मे राग तिथेच उभे असतात. मध्यम ऐकू आला तर मालकंस किंवा बागेश्रीकडे मन धावतं. निषाद लागला असेल तर मारवा, पूरिया यांची आशा धरावी. पण ही फक्त दिशा झाली. म्हणून आम्ही तुकडा सुरुवातीचा घ्यायचं सोडलं आणि आलापाच्या पोटातून कापायला लागलो.

तिथे खरी गंमत सुरू झाली. भूप आणि देसकार घ्या. दोघांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. पेटीवर एका पाठोपाठ एक वाजवले तर कोण कुठला, हे सांगता येणार नाही. पण भूप गाणारा फिरून फिरून गंधारावर येऊन विसावतो, संध्याकाळी ओसरीवर टेकावं तसा. देसकार सकाळचा, तो धैवतावर ताठ उभा राहतो आणि ऋषभाला नुसता स्पर्श करून जातो. आठ सेकंदांत गायक कुठे थांबला, एवढंच ऐकायचं. मारवा, पूरिया आणि सोहनी या त्रिकुटाचंही तसंच. कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. स्वरांची यादी तिघांची एकच. मारवा षड्जाला टाळत ऋषभ-धैवतावर रेंगाळतो, म्हणून तो ऐकताना जीव टांगणीला लागतो. पूरिया मंद्रात उतरतो, गंधार-निषादाला धरून राहतो. सोहनीचं घरच तार षड्जाजवळ. एकदा मी या तिघांचे तीन तुकडे एकाच रात्री टाकले होते. दुसऱ्या दिवशी अंबरनाथ येईपर्यंत डब्यात कोणी कोणाशी बोललं नाही.

आपल्याकडे ‘चलन’ हा शब्द आहे, तो याचसाठी. लांबून येणारा माणूस तोंड दिसायच्या आधी आपण चालीवरून ओळखतो. राग तसा ओळखायचा असतो. भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग मराठीत लिहिले, तेही गुरू-शिष्यांच्या संवादरूपात. हा राग त्या रागापासून वेगळा कसा, ही त्यातली एक मोठी चर्चा. दहा थाटांची मांडणी त्यांचीच. पण थाट स्वर सांगतो, चाल सांगत नाही. भूप कल्याण थाटात आणि देसकार बिलावलात बसवला, तरी कानाला दोघांमधला फरक कळतो तो थांबण्याच्या जागेवरून.

या खेळात मला सर्वांत मोठा धडा मिळाला तो उल्हासनगरच्या एका ज्येष्ठ सिंधी गृहस्थांकडून. गटात त्यांना सगळे दादा म्हणतात. सिंधी घरांत वडीलधाऱ्याला म्हणतात तसंच. एका तुकड्याला आम्ही पाचही जणांनी ‘देस’ लिहिलं. चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल, शंका कसली? विठ्ठलवाडी गेल्यावर दादांचं उत्तर आलं, ‘देस नहीं, सोरठ है.’ मी कल्याणला त्यांच्या डब्यात गेलो. ते म्हणाले, ‘मध्यम से रिषभ पे कैसे आया, वो सुनो.’ पुन्हा ऐकलं. देसात गंधार उघड दिसतो. इथे गायक मध्यमावरून मींडेने ऋषभावर उतरला होता आणि गंधार त्या मींडेत विरघळला होता. अर्ध्या सेकंदाचा तो उतार. सगळं उत्तर त्यातच होतं.

दादांना ते कुठून कळलं? त्यांनी गाण्याचा क्लास कधी केला नाही. पण ज्या समाजातून ते आले, त्याची पोथीच रागांत बांधलेली आहे. शाह अब्दुल लतीफ भिटाई या अठराव्या शतकातल्या सिंधी संतकवीचा ‘रिसालो’ अध्यायांत नव्हे, सुरांत विभागलेला आहे: सूर कल्याण, सूर यमनकल्याण, सूर सारंग, सूर केदारो, सूर रामकली, सूर सोरठ. सोरठात कथा आहे ती राय डियाच राजाची. वादकाच्या संगीतावर भाळून त्याने स्वतःचं मस्तक दान केलं. सिंधी टिकाण्यांतून, म्हणजे त्यांच्या मंदिरांतून, ज्याचा पाठ होतो तो गुरू ग्रंथसाहिबही रागांनुसार रचलेला, 31 मुख्य राग, त्यांतही सोरठ आहेच. फाळणीनंतर ही माणसं कल्याणच्या लष्करी छावण्यांमध्ये येऊन राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींनी त्या छावण्यांच्या जागी नव्या गावाची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर नाव मिळालं. रिसालोचा पहिला सूर कल्याण, आणि निर्वासितांना उतरवलं तेही कल्याणला. दादांनी हे सांगितलं तेव्हा डब्यातल्या गर्दीतही माझ्या अंगावर काटा आला.

उल्हासनगर म्हटलं की आपल्याला जीन्स आणि फर्निचर आठवतं. तिथल्या घरांत रागांची नावं देवघरातल्या शब्दांसारखी रुळलेली आहेत, हे कल्याणच्या अलीकडे-पलीकडे राहून आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे कल्याण गायन समाज आहे, देवगंधर्व महोत्सव आहे, मैफलींची चांगली परंपरा आहे. दोन स्टेशनं पलीकडच्या या कानाची दखल मात्र आम्ही कधी घेतली नाही.

तुकड्यांत राग ऐकणं हे काही मोबाइलने आणलेलं नाही. 1902 मध्ये कोलकात्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं तेव्हा जेमतेम तीन मिनिटं मिळत. गाणं संपलं की ती इंग्रजीत आपलं नाव सांगे, कारण तबकड्या जर्मनीत बनत आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळायला हवं. म्हणजे कोडं आणि उत्तर एकाच तबकडीवर! तीन मिनिटांत राग उभा करायची सक्ती झाली आणि थोरांनी तीही पेलली. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी ‘व्हॉयेजर’ यानांवरच्या सुवर्णतबकडीत निवडली गेली. दुसरं यान 5 सप्टेंबर 1977 ला सुटलं, आणि 16 सप्टेंबरला बाई गेल्या.

यंत्रालाही राग ओळखता येतो आता. बार्सिलोनाच्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी 30 हिंदुस्थानी रागांची 300 ध्वनिमुद्रणं घेऊन 2016 मध्ये एक पद्धत मांडली, आणि तिने सुमारे 98 टक्के वेळा बरोबर उत्तर दिलं. मला आकड्यापेक्षा रीत मोलाची वाटते. कोणता स्वर किती वेळा आला, एवढ्यावर ते थांबले नाहीत. या स्वरानंतर थोड्या वेळाने कोणता स्वर येतो, त्याचा नकाशा त्यांनी काढला. म्हणजे गणितही शेवटी चालीपाशीच आलं. फक्त त्या यंत्राला पूर्ण ध्वनिमुद्रण ऐकायला मिळालं होतं. दादांना आठ सेकंद.

खेळाला एक खोट आहे, ती सांगायला हवी. आपण राग ओळखायच्या आधी गळा ओळखतो. किशोरीताईंचा आवाज आला की हात आपोआप ‘भूप’ लिहितो, वसंतराव म्हटलं की ‘मारवा’. तेव्हा कानाने नव्हे, आठवणीने उत्तर दिलेलं असतं. त्यावर उपाय म्हणून आम्ही कमी ऐकलेल्या गायकांचे, सारंगी-सरोदाचे तुकडे घेतो. इंटरनेटवर रागाचं नाव कित्येकदा चुकीचं लिहिलेलं असतं, म्हणून तुकडा टाकणाऱ्याने उत्तर आधी जाणत्याकडून तपासून घ्यायचं, हाही नियम झाला आहे.

तुम्हालाही हे आज रात्री करता येईल. भूप आणि देसकार यांचं एकेक ध्वनिमुद्रण घ्या, दोन्हींच्या आलापातून आठ-आठ सेकंद कापा आणि घरातल्या एकालाच पाठवा. मुलगी असो, सासरे असोत, शेजारचे काका असोत. उत्तर चुकलं तर सांगून टाकू नका. पूर्ण गाणं लावा आणि शेजारी बसा.