पिल्लं जगली तरच धंदा : रंगीत माशांसाठी घरच्या घरी जिवंत खाद्य



रंगीत मासे पाळायचे म्हटलं की आपण टाकी, पंप, मासे यांचा खर्च काढतो. पिल्लांच्या खाद्याचा विचार मागे राहतो. मग गप्पी-मोलीची पिल्लं होतात आणि पंधरा दिवसांत निम्मी दिसेनाशी होतात. कारण साधं आहे. पिल्लांचं तोंड बारीक असतं, कोरडं खाद्य तळाशी बसून कुजतं. उकडलेल्या अंड्याचा बलक स्वस्त पडतो, पण जरा जास्त झाला की पाणी नासतं.

यावर चांगला उपाय म्हणजे आर्टेमिया. हा खाऱ्या पाण्यातला कोळंबीच्या जातकुळीतला बारीक जीव. मुंबईच्या वडाळ्याच्या मिठागरांतही त्याची नोंद झालेली आहे. त्याची अंडी सुकी राहून टिकतात, म्हणून डब्यात विकत मिळतात. एका ग्रॅममध्ये दोन लाखांहून जास्त अंडी असतात!

काय लागेल?
प्लॅस्टिकची बाटली, हवेचा छोटा पंप आणि नळी, जाडं मीठ, खायचा सोडा, बल्ब, जुनं बारीक विणीचं सुती कापड.

कसं करायचं?
१. बाटलीचा तळ कापा. झाकण घट्ट लावून बाटली उलटी टांगा.
२. १ लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ आणि चिमूटभर सोडा विरघळवा. मीठ काट्यावर मोजा, अंदाजाने नको. विहिरीत नुकती टीसीएल टाकली असेल तर पाणी दोन दिवस उघडं ठेवून मगच वापरा.
३. पाव चमचा (चहाचा) अंडी टाका. नळी अगदी तळापर्यंत सोडा. पाणी सतत खळखळलं पाहिजे, अंडी खाली बसली तर फुटत नाहीत.
४. बल्ब जवळ ठेवा. पाणी २५ ते ३० अंश हवं. २४ तासांत पिल्लं निघतात, थंडीत ३६ तासही लागतात.
५. पंप बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, नारिंगी पिल्लं खाली जमतात. बल्ब खालच्या बाजूला धरा, ती उजेडाकडे येतात. नळीने तेवढीच काढून कापडात गाळा आणि गोड्या पाण्यात धुवा. टरफलं माशांना देऊ नका.

ताजं असतानाच खायला घाला. उशीर झाला की त्यांच्या अंगातलं पोषण कमी होतं. गोड्या पाण्यात ती काही तासच जगतात, म्हणून दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं द्या. माशाच्या पिल्लाचं पोट नारिंगी दिसलं की समजायचं, पोट भरलं.

वाढवायचं असेल तर
थोडी पिल्लं पसरट टबात, खाऱ्या पाण्यातच ठेवा. यीस्ट किंवा स्पिरुलिनाची पूड पाण्यात कालवून अगदी थोडी द्या. पाणी पुन्हा नितळ झाल्याशिवाय पुढचं खाद्य नाही. साधारण दोन आठवड्यांत ती सेंटिमीटरभर होतात, मोठ्या माशांना चालतात.

आपल्याकडच्या अडचणी
लाइट जाते, तेव्हा सेलवर चालणारा पंप जवळ असू द्या. डबा महाग पडतो, म्हणून गटाने एकच घ्या आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या बाटल्यांत वाटून घ्या. ओल लागली की अंडी वाया गेली. आणि एक, उरलेले मासे ओढ्यात किंवा काळू नदीत सोडू नका. बाहेरचे मासे आपल्या गावठी माशांच्या मुळावर येतात.

कर्जाआधी हे करा
२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या रंगीत मासे युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला होता आणि महिलांना ६० टक्के अनुदान होतं. म्हणजे तरीही १ लाख २० हजार आपल्यालाच उभे करायचे. सध्या काय चालू आहे ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. पण ठराव लिहिण्याआधी एक बाटली आणि एक टब घेऊन महिनाभर करून बघा. किती पिल्लं झाली, किती जगली, खाद्याला किती गेले, हे वहीत रोज लिहा. ती वही बैठकीत सगळ्यांसमोर ठेवा. कर्ज घ्यायचं की नाही, ते आकडेच सांगतील.